चित्र कधी जातं?

सकाळी ६.००

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस अजून पुरता गेलेला नाही. पहाटे दव पडतं, दुपारी ऊन चटके देतं आणि चारनंतर ढग जमतात. गडचांदुरात डिश दुरुस्त करणाऱ्याला वर्षात याच्याइतके शिकवणारे दिवस दुसरे नाहीत. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्हींचे बिघाड एकाच दिवसात भेटतात.

पहिला फोन उजाडतानाच येतो.

"भाऊ, टीव्ही बिघडली आमची. येऊन पाहून जा न जी."

"कधी जाते, ताई?"

"सकाळीच. नऊ-दहा वाजता आपोआप येऊन जाते. मंग दिवसभर काही तरास नाही."

मी सगळ्यांत आधी हेच विचारतो. बॉक्स कोणता, पडद्यावर काय लिहून येतं, हे नंतर. चित्र कोणत्या वेळी जातं आणि त्या वेळी बाहेर काय चाललेलं असतं, हे घरातल्या माणसाएवढं कोणालाच ठाऊक नसतं. नवी पोरं घरात शिरली की रिमोट हातात घेतात, 'बॉक्स गेला' म्हणतात आणि नवा विकून मोकळी होतात. गरिबाच्या घरचे हजार-दीड हजार रुपये असे वाया गेलेले पाहिले की जीव जळतो. डिशचा आजार बहुतेक वेळा घराबाहेर असतो आणि त्याची वेळ ठरलेली असते.

दुसरा प्रश्न बॉक्सच्या सेटिंगमधल्या दोन पट्ट्यांचा. एक स्ट्रेंथची, दुसरी क्वालिटीची. स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी शून्य, तर वायर आणि डिशपुढचा लहरी पकडणारा एलएनबी जिवंत आहेत, पण डिशला उपग्रह दिसत नाही. दोन्ही पट्ट्या गेल्या असतील तर आधी वायर बघायची. ताईंनी सांगितलं, दोन्ही गेल्या आहेत. म्हणजे शिडी हवी, पक्कड हवी, नवे कनेक्टर हवेत.

सकाळी ७.१५

स्लॅबवर चढलो तेव्हा डिशवरून दवाचे ओघळ उतरत होते. ताईंनी कालच ती फडक्यानं घासून लख्ख केली होती. आमच्या गावाभोवती सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी. धूळ सगळ्या छपरांवर बसते, दवानं भिजते, उन्हात वाळते आणि थरावर थर घट्ट होत जातो. त्यामुळे चित्र गेलं की लोक आधी डिश धुतात. पण धुळीच्या पातळ थरानं डिशच्या पत्र्याचं काही बिघडत नाही. वरून येणारी लहर सुमारे पावणेतीन सेंटीमीटर लांबीची, तिला तो थर असल्यासारखाही नाही. उलट घासता घासता डिश हलली तर चालू असलेलं चित्र जातं.

धूळ घात करते ती दुसरीकडे. डिशच्या दांडीवर पुढे जो एलएनबी असतो, त्याच्या बुडाला वायर जोडलेली असते. तो कनेक्टर मी बोटानं फिरवायला गेलो तर फिरेना. पक्कडीनं हळूहळू सोडवला. आत पांढरी पावडर भरली होती. वायरीच्या तांब्याच्या काडीवर हिरवट बुरा आणि भोवतीची अ‍ॅल्युमिनियमची जाळी बोट लावताच भुगा होऊन पडली. सिमेंट ओलं झालं की ते अल्कधर्मी असतं आणि अल्कधर्मी ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खंगत जातं. समुद्रकाठी मिठाची हवा जे करते, ते आमच्याकडे ही धूळ करते.

आता सकाळचीच वेळ का, हे बघा. घरातला बॉक्स याच वायरीतून एलएनबीला वीज देतो, चॅनलप्रमाणे कधी १३ व्होल्ट तर कधी १८. पहाटे ती पावडर दवानं ओली झाली की मधली काडी आणि बाहेरची जाळी यांच्यात वीज झिरपते, एलएनबी उपाशी राहतो. नऊला ऊन चढतं, पावडर सुकते, चित्र परत येतं. अशा घरी तुम्ही दुपारी बाराला गेलात तर टीव्ही ठणठणीत दिसेल आणि 'काही झालं नाही' म्हणून परत याल. म्हणून मी ओलं असतानाच पोचतो.

वायर कापत गेलो. वीतभर कापल्यावर चकाकणारं तांबं लागलं. नवा कनेक्टर, त्यावर रबराची टेप खालून वर गुंडाळलेली, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत शिरत नाही. कनेक्टरच्या खाली वायरीला लोंबता वळसा दिला. वायरीवरून वाहत आलेला थेंब त्या वळशाच्या तळाशी येऊन गळून जातो, कनेक्टरपर्यंत चढत नाही. वळशाला पैसा लागत नाही, पण दहांतल्या आठ घरांवर तो दिलेला नसतो. वायर सरळ ताणून बांधली की बसवणाऱ्याला काम नीटनेटकं वाटतं आणि पहिल्याच पावसात पाणी सरळ आत उतरतं.

सकाळी ९.४५

टपरीवर आलूपोहे आणि वर तर्री. या आठवड्यात मी मुद्दाम या वेळी कुठं चढत नाही, कारण फोन सारखा वाजतो.

दहाला दहा मिनिटं कमी असताना पहिली लाट. या डिशा पूर्वेला बऱ्याच झुकलेल्या, १०८ अंश रेखांशावरच्या उपग्रहाकडे बघणाऱ्या. मग अकराला पाच कमी असताना दुसरी, सगळ्यांत मोठी, दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवाल्यांची. पावणेबाराला तिसरी, ८३ अंशांवरच्या उपग्रहाची. ज्याची डिश जिकडे, त्याचा फोन त्या वेळी.

कारण सूर्य. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जागच्या जागी दिसतात. गडचांदूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेवीस अंशांवर, म्हणून इथून बघताना ते आकाशातल्या विषुववृत्ताच्या रेषेपेक्षा साधारण साडेतीन अंश दक्षिणेला वाटतात. सूर्य वर्षातून दोनदा नेमका उपग्रहांच्या या दक्षिणेकडच्या वाटेवरून जातो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी. तेव्हा रोज काही मिनिटं तो उपग्रहाच्या बरोबर पाठीमागे येतो. सूर्याकडूनही लहरी येतात, त्या इतक्या जोराच्या की उपग्रहाच्या क्षीण लहरी त्यांत बुडून जातात. चित्र फुटतं, थांबतं आणि सूर्य पुढं सरकला की परत येतं. चार-आठ दिवसांत हा प्रकार बंद होतो.

मी आधीच गावागावांच्या व्हॉट्सॲप गटांवर लिहून ठेवतो की या वेळी टीव्ही गेला तर हात लावू नका. तरी फोन येतात, आणि यावेत. न विचारता डिश फिरवून बसण्यापेक्षा फोन बरा. दहा मिनिटांच्या सूर्यासाठी डिश हलवली तर मला तीस किलोमीटर जावं लागतं आणि त्या घरचा पैसा जातो.

हाच सूर्य मला कामालाही येतो. या दिवसांत १०.५५ ला अंगणात ज्या जागी ऊन पडतं, ती फ्री डिशची जागा. जिथं सावली, तिथं उपग्रह दिसणार नाही. ना मीटर लागतो, ना होकायंत्र. नवी डिश बसवायची असलेल्या घरी मी त्या मिनिटाला जमिनीवर खडूनं खूण करून घ्यायला सांगतो. दुसऱ्या दिवशी जाऊन तिथंच पाइप रोवतो.

दुपारी १२.१५

माणिकगडाच्या डोंगराकडे गाडी वळवली. जिवती तालुक्याला आमच्याकडे 'पहाडावर' म्हणतात. सागाचं जंगल, मधूनमधून कापूस, तूर आणि सोयाबीनची काढणी. गोंड, कोलाम, बंजारा आणि दुष्काळात मराठवाड्यातून येऊन इथंच राहिलेली शेतकरी घरं. पलीकडे तेलंगण. केबल इथवर येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं महिन्याचं भाडं नसलेली सेवा सुरू केली तिचा खरा उपयोग असल्याच मुलखाला झाला. तेव्हा तिला डीडी डायरेक्ट प्लस म्हणत, आता फ्री डिश. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गडचांदुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६२ अंश वर. हे दोन आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

वाटेत टिनाच्या छपराचं एक घर. तक्रार, दुपारी बारा ते चार चित्र अडखळतं. डिशचा पाय थेट टिनाला स्क्रू मारून बसवलेला. ऊन तापलं की टीन फुगतं, पाय कलतो. साठ सेंटीमीटरच्या डिशचा वरचा काठ खालच्या काठाच्या मानानं एक सेंटीमीटर मागं गेला तर तिचं तोंड जवळजवळ एक अंशानं वळतं, आणि एवढ्या डिशला मध्यापासून दीड अंशाहून जास्त ढळणं परवडत नाही. पाय काढून भिंतीला फास्टनरनं बसवला. अर्ध्या तासाचं काम.

दुपारी १.३०

ज्या घरासाठी एवढ्या लांब आलो ते हे. मूळचे नांदेडकडचे, दोन पिढ्यांपासून इथं. लेकाच्या लग्नात टीव्ही आला, एप्रिलमध्ये डिश बसली, दोन महिने उत्तम चालली. जूनच्या शेवटापासून रडतखडत आणि आता दिवसभर काहीच नाही.

"बॉक्स दोनदा बदलला बगा," घरधनी सांगत होते. "एलएनबी बी नवी टाकली. आता डिशच बदला म्हनत्यात."

"काका, लग्न झालं तेव्हा या सागाला पानं होती का?"

ते वर बघत राहिले. "नव्हती की. उन्हाळ्यात कुठली पानं?"

आमच्या जंगलाचं वेळापत्रक डिश बसवणाऱ्याला पाठ पाहिजे. साग फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतो, ऐन उन्हाळ्यात नुसत्या काड्या उभ्या असतात. नेमक्या त्याच महिन्यांत कापसाचा पैसा हातात असतो, लग्नं असतात, टीव्ही येतात. बसवणारा वर बघतो तर आकाश मोकळं. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत सुपाएवढी पानं फुटतात. सागाचं पान पाण्यानं भरलेलं असतं आणि या लहरी पाणी शोषून घेतं. पावसानं भिजलेली पानं तर आणखी वाईट. जुलैत असा फोन आला आणि डिश एप्रिल-मेमध्ये बसवलेली असली, तर मी निम्मं निदान फोनवरच करतो.

पिशवीतून कोनमापक काढला. शाळेच्या कंपासपेटीतला, मध्यावरच्या भोकातून दोरा, दोऱ्याला लोंबता नट. डिशशेजारी उभं राहून आग्नेयेला सरळ कडेवरून नजर लावायची. दोरा २८ वर आला म्हणजे नजर ६२ अंश वर गेली. काकांना बघायला दिलं. त्यांच्या नजरेसमोर बरोबर सागाचा शेंडा.

इथं बहुतेकांची गफलत होते, कारण आपली डिश दिसते तशी बघत नाही. ती आपल्याला जेवढी वर तोंड करून असल्यासारखी दिसते, त्याहून वीसएक अंश जास्त वर बघत असते. एलएनबीची दांडी मध्यातून न येता खालच्या काठातून येते, म्हणून हा फरक पडतो. त्यामुळे लोक समोरचं झाड आडवं येतं म्हणतात आणि खरं आडवं येतं ते जवळचं, डोक्यावरचं.

"तोडून टाकू का मग? आमच्याच बांधावर हाय."

नाही. एक तर स्वतःच्या जमिनीवरचा सागही १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि परवानगी असती तरी मी नाही म्हटलं असतं. टीव्हीसाठी तीस वर्षांचा साग पाडणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. फ्री डिशसाठी हिशेब असा, की दहा फुटांवरचं झाड डिशपेक्षा अठरा फूट उंच असलं तरी चालतं. उपग्रह एवढा वर आहे. १०८ अंशांवरच्या उपग्रहाला मात्र हाच हिशेब बारा फुटांवर येतो, कारण तो आकाशात ५० अंशांवर आहे. डिश काही पावलं मागं सरकवली तरी बहुधा भागतं.

काकांनी मात्र उंच पाइप आणून ठेवला होता, तब्बल वीस फुटी. ही सवय जुन्या काड्यांच्या अँटेनाची. तेव्हा लहरी जमिनीवरच्या मनोऱ्याकडून आडव्या येत. मध्ये डोंगर, झाडं, घरं, म्हणून जितकं उंच तितकं बरं. आता दूरदर्शननं ती जुनी प्रक्षेपणं टप्प्याटप्प्यानं बंद केली, पण बांबू उंच करायची सवय राहिली. उपग्रहासाठी उंची लागत नाही, मोकळी खिडकी लागते. ३६,००० किलोमीटरच्या वाटेत वीस फुटांनी काय होणार? उलट उंच पाइप वाऱ्यात डोलतो आणि वानरांना आयती उडी देतो. पाइप अडीच फुटांवर कापला, अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात दगड आणि सिमेंट घालून रोवला. डिश गुडघ्याएवढ्या उंचीवर. शेजारचे बघायला आले. क्वालिटीची पट्टी सत्तरच्या वर गेली तेव्हा सुनेनं आतून आवाज दिला, "आलं!" आणि घरात लहान पोरांची जी धावपळ झाली, तिच्यासाठी मी हा घाट चढतो.

नवा एलएनबी चांगलाच होता. जुनाही चांगला होता. दोन्ही बॉक्स चांगले होते.

दुपारी ३.१०

निघताना एका तरुणानं अडवलं. सीमेच्या अंगाला घर, फोनला कधी आपला टॉवर, कधी तेलंगणाचा, पावसात कुठलाच नाही. बाजारातून मोबाइलचा बूस्टर आणून बसवून द्याल का, पैसे लागतील ते घ्या. मी बसवत नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि त्यानं निर्माण केलेल्या गोंधळानं आसपासच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. तो नाराज झाला. बारावीनंतरचे अर्ज भरायला त्याला टेकडीवर जावं लागतं, त्याची नाराजी मला पूर्ण समजते. त्याला हवा आहे तो टॉवर, आणि तो मागणं हा त्याचा हक्क आहे.

दुपारी ४.१५

आग्नेयेला आभाळ काळं. घाट उतरायच्या आधी एका गुड्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, थांबलो. ऊन पडलेलं, पानही हलत नव्हतं, आणि घरातलं चित्र गेलं. पाऊस नाही तरी चित्र गेलं, म्हणजे डिश बिघडली, असं लोक धरून चालतात. इथं डोळ्यांनी बघायचं असतं. लहर आपल्या डोक्यावरून येत नाही, तिरकी येते. आपल्या भागात पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपासून खाली असतात. ६२ अंशांच्या तिरकस वाटेनं जाणारी लहर ती उंची गाठते तेव्हा ती आपल्यापासून आग्नेयेला अडीच किलोमीटरवर असते. तिथं पाऊस सुरू झाला की आपल्या अंगणात ऊन असतानाही चित्र जातं. बंगालच्या उपसागराकडून चढत येणारा पाऊस आमच्याकडे त्याच अंगानं येतो. आधी टीव्ही जातो, मग पाऊस येतो. गुड्यातल्या एका कोलाम आजींनी हे कोणी न सांगता ताडलं होतं. चित्र गेलं की त्या वाळत घातलेलं सोयाबीन आत घेतात.

नुसत्या ढगांनी चित्र जात नाही, जोराच्या सरींनी जातं. डिश साठची नव्वद केली तर सव्वादोन पट लहरी गोळा होतात, अंधाराची मिनिटं कमी होतात, पण मुसळधार पावसात तीही हरते. हे मी आधीच सांगतो, कारण मोठी डिश घेतलेल्या माणसाला फसल्यासारखं वाटू नये.

गडगडलं. शिडी खाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर आहे, ते जवळपास वीज पडत असल्याचं सांगतं. पण ॲप बोलो न बोलो, गडगडाट ऐकू आला की छपरावर थांबायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास चढायचं नाही. पूर्व विदर्भात विजेनं दरवर्षी माणसं जातात, शेतात आणि झाडाखाली. लोखंडी पाइप हातात धरून छपरावर उभ्या असलेल्या माणसाला निराळा न्याय नाही. या नियमात कोणाचं लग्न, कोणाची मॅच, काही चालत नाही.

संध्याकाळी ६.४०

गडचांदुरात पाऊस. सगळ्या मालिकांची वेळ, त्यामुळे फोनवर फोन. वरची पट्टी आहे का? आहे. खालची? शून्य. पाऊस पडतोय? हो. मग काहीच करू नका. हा सल्ला फुकटचा, पण सगळ्यांत अवघड, कारण माणसाला हात चालवल्याशिवाय बरं वाटत नाही. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानंही क्वालिटी आली नाही तर फोन करा, म्हणतो. बहुतेकांचा परत येत नाही. ज्यांच्याकडे वीज कडाडते आहे, त्यांना बॉक्सच्या मागची वायर काढून आणि प्लग उपसून ठेवायला लावतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

रात्री ८.४५

वही उघडली. गाव, डिशचं तोंड कोणीकडे, चित्र जाण्याची वेळ, त्या वेळचं हवामान, सापडलेलं कारण. एवढे रकाने. पाच-सहा हंगामांच्या वह्या जमल्या की गावाची प्रकृती कळते. कारखान्यांच्या वाऱ्याखालच्या वस्त्यांत कनेक्टर किती लवकर सडतात, पहाडावर जुलै आला की सागाच्या तक्रारी कशा सुरू होतात, नदीकाठच्या गावांत पहाटेचं दव किती वेळ राहतं. कामाला हाताखाली येणाऱ्या पोराला मी मीटर नंतर देतो, आधी या वह्या वाचायला लावतो.

उद्याची यादी: नांदाफाट्याकडे एका गच्चीवर वानरांनी पाइप वाकवला आहे. मालकानं आणखी जाड आणि उंच पाइप मागवला आहे. त्याला आत्ताच फोन करून सांगायचं की पाइप घेऊ नका, दोन पोती वाळू आणि एक पोतं सिमेंट आणून ठेवा, डिश खाली अंगणात घेऊ. आणि सकाळी १०.५५ ला बाहेर येऊन ऊन कुठं पडतं ते बघून खडूनं खूण करा.